तिकीट अर्धं झालं, पण बस कुठाय?

परवाचीच गोष्ट. गावाहून एसटीनं परत येत होते. बाजाराचा दिवस, त्यामुळे गाडी खच्चून भरलेली. माझ्या पुढच्याच सीटवर एक आजीबाई. मांडीवर नातू, पायाशी वांग्यांची पिशवी. शेजारी एक गृहस्थ. पांढरा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर ब्रीफकेस. आजीबाई जरा सरकून नीट बसायला गेल्या, तसे ते गृहस्थ सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अर्धं तिकीट काढलंय ना आजी, मग सीटही अर्धीच घ्या की!"

आजूबाजूची चार-दोन माणसं हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसले. आजीबाई मात्र शांत. त्यांनी पदर सावरला, नातवाला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "अर्ध्याच सीटवर बसत आले की बाबा जल्मभर. मांडीवर पोर, पायात पिशवी, आन बाजूला कुनीतरी पाय फाकून बसल्यालं. तवा तिकीट मातर पुरं घेत हुते."

मग मात्र अख्खी गाडी हसली. गृहस्थ खिडकीबाहेरची शेतं बघू लागले.

१७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनच्या सगळ्या बसमध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला होता. तेव्हापासून असे टोमणे कानावर पडतच असतात. "बायका उगीच फिरायला लागल्यात", "माहेरी जायला निमित्तच पाहिजे", "फुकटची सवय लागली". दिल्लीत २०१९ च्या भाऊबीजेपासून बायकांना बस मोफत झाली, कर्नाटकात जून २०२३ मध्ये झाली, तेव्हा तिकडेही हेच. बाई माहेरी गेली, देवाला गेली, आजारी बहिणीला बघून आली, तर ते 'उगीच फिरणं'. पुरुष माणूस तालुक्याला जाऊन चहा पिऊन आला, तर ते 'काम'. असो. त्यावर स्वतंत्र लिहीन कधीतरी.

आजीबाईंचं उत्तर मला इतकं आवडलं, की घरी आल्यावर येईल त्याला ते ऐकवत होते. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगितलं. वाटलं, खूष होतील. त्या भांडी विसळत होत्या. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमाला कुठंय ताई अर्धं? ते लाल गाडीत. सिटी बसला पुरंच हाय. आन पुरं द्यायला बी बस पाहिजे ना. दुपारची बंद केलीया त्यांनी."

"कधी?"

"झाला की महिना."

महिना झाला होता आणि मला पत्ता नव्हता. कसा असणार? या शहराच्या सिटी बसमध्ये मी शेवटचं पाऊल ठेवलं, त्याला आता अकरा वर्षं झाली.

मावशींची गोष्ट थोडक्यात सांगते. वय साठीच्या आसपास. पूर्वी त्या आमच्या मागच्याच वस्तीत राहायच्या, चालत यायच्या. रस्ता रुंद करायचा म्हणून ती वस्ती उठली. घरं मिळाली, पक्की मिळाली, संडास आतच, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. पण मिळाली ती शहराबाहेर नऊ किलोमीटरवर. कामं मात्र इथंच राहिली. चार घरची कामं. सकाळी साडेसहाच्या बसनं यायचं आणि दुपारी एक चाळीसच्या बसनं परत. अडीचला नात शाळेतून घरी येते. नऊ वर्षांची आहे. तिची आई कंपनीत पॅकिंगला जाते, ती संध्याकाळी सातला येते. म्हणजे अडीचला दार उघडायला आजीच पाहिजे.

एक चाळीसची बंद झाली. पुढची बस साडेतीनला. मधे शेअर रिक्षा आहेत, पण थेट नाहीत. नाक्यापर्यंत वीस रुपये, तिथून दुसरी करायची, आणखी वीस. आणि दुपारच्या उन्हात नाक्यावरची रिक्षा भरेपर्यंत हलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मावशी शाळेत गेल्या नाहीत, पण हिशेब त्यांचा पक्का. चौथ्या घरचे महिन्याला पंधराशे. रोजचे चाळीस रुपये रिक्षाला, सव्वीस दिवसांचे एक हजार चाळीस. राहिले चारशे साठ. एवढ्यासाठी रोज तासभर जास्त राबायचं, आणि तिकडे नात शेजाऱ्यांच्या पायरीवर बसलेली. त्यांनी चौथं घर सोडून दिलं आणि एक वाजताच निघायला लागल्या.

एका बसची एक फेरी कुणीतरी कागदावर खोडली, आणि एका बाईची चौथाई कमाई गेली. वर्तमानपत्रात याची बातमी येत नाही. भाडेवाढ झाली की येते, संप झाला की येते. फेरी कमी झाली, तर ती गुपचूप होते.

मी म्हटलं, "चला मावशी, डेपोत जाऊ."

त्या आधी नकोच म्हणाल्या. "आपल्याला कोन इचारतंय?" मग दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून आल्या.

डेपोतले साहेब खरं तर भले गृहस्थ होते. खुर्ची दिली, चहा मागवला. (चहा दोनच कप आले. मी माझा मावशींपुढे सरकवला तेव्हा तिसरा आला.) त्यांनी कॉम्प्युटर उघडून दाखवला. "मॅडम, तुम्हीच बघा. या फेरीचं इन्कम. डिझेल निघत नाही. दुपारी पॅसेंजरच नाहीत हो! रिकामी गाडी पळवायची का आम्ही? सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ, तेव्हा गाडी कमी पडते, तिकडे वळवली."

आकडे समोर होते. मला काय बोलावं सुचेना. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "सायेब, पासवाल्या पोरी मोजल्या काय ह्यात?"

साहेब थांबले. "पासवाल्यांचं... त्यांना तिकीट फाडत नाही ना. मशीनमध्ये येत नाही ते."

"मंग रिकामी कशी? सकाळच्या शाळंतल्या पोरी, सातवी-आठवीच्या, धा-बारा तरी असत्यात रोज. म्हातारी मानसं सिव्हिल हॉस्पिटलातनं येत्यात, त्येंचा बी पास असतुया. बसायला जागा नसती सायेब, म्या उभी ऱ्हाते निम्म्या वाटंपत्तुर."

म्हणजे बस रिकामी नव्हती. बसमधली माणसं कागदावर नव्हती.

तिथून घरी आल्यापासून हेच डोक्यात घोळतंय. सार्वजनिक वाहतूक सगळ्यांची, असं आपण म्हणतो. पण वेळापत्रक कुणाचा दिवस डोळ्यांपुढे ठेवून करतात? सकाळी एकदा बाहेर पडून संध्याकाळी एकदा परत येणाऱ्या माणसाचा. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. एक सरळ रेघ. बाईचा दिवस असा सरळ असतो का? मुलाला बालवाडीत सोडलं, तिथून कामावर, मधेच रेशनचं दुकान उघडलंय म्हणून तिकडे, सासूबाईंच्या औषधासाठी दवाखान्यात, येताना भाजी. पाच ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी उतरायचं आणि पुन्हा नवं तिकीट. अंतर कमी, तिकिटं जास्त. आणि हे सगळं बहुतेक अकरा ते चारच्या मधे, ज्या वेळेला डेपोच्या भाषेत 'पॅसेंजर नसतात'.

मोजणीतच आपण नाही, हे काही माझ्या शहरापुरतं नाही. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा लोकांना विचारलं, कामावर कसं जाता, किती लांब जाता? चांगलाच प्रश्न. पण तो फक्त कामाच्या प्रवासाचा. त्यातून शेतीवर राबणाऱ्या आणि घरगुती उद्योगातल्या माणसांना वगळलं. आजारी मुलाला घेऊन दवाखान्यात जाणारी, डोक्यावर पाटी घेऊन बाजारला जाणारी, पोराची फी भरायला शाळेत जाणारी बाई त्या तक्त्यात कुठंच नाही. जो प्रवास मोजलाच नाही, त्याच्यासाठी बस कोण सोडणार?

जागतिक बँकेनं २०१९ मध्ये मुंबईत सहा हजारांवर माणसांची पाहणी केली आणि २००४ च्या पाहणीशी ती ताडून बघितली. पंधरा वर्षांत काय बदललं? कामावर जायला पुरुष दुचाकीकडे वळले आणि बायका रिक्षा-टॅक्सीकडे. दर फेरीला रिक्षा-टॅक्सी दुचाकीपेक्षा महाग पडते. म्हणजे घरात एक गाडी आली की ती कुणाकडे जाते, हे सांगायला पाहणीची गरज नाही म्हणा. उरलेल्या माणसानं जास्त पैसे मोजून जायचं.

आणि आता जरा स्वतःकडे बघते. मैत्रिणींनो, रागावू नका, पण यात आपलाही हात आहे.

कॉलेजात होते तेव्हा मी रोज बसनं जायची. त्या वेळी आम्ही मुली भांडायचो. बस थांब्यावर थांबली नाही की पत्र, कंडक्टर उर्मट बोलला की पत्र. वाचकांच्या पत्रव्यवहारात माझी तीन पत्रं छापून आली होती, कात्रणं अजून आहेत. मग नोकरी लागली, स्कूटी घेतली. अहाहा! काय सुख होतं ते. कुणाची वाट बघणं नाही, गर्दीत कुणाचा कोपर लागणं नाही. स्कूटीनं आमच्या पिढीच्या बायकांना जे दिलं, त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण स्कूटीवर बसले आणि बसला विसरले. ज्यांना लिहिता येतं, ज्यांना साहेबांपुढे खुर्ची मिळते, ज्यांच्या फोनला नगरसेवक उत्तर देतात, त्या सगळ्या एकेक करून बसमधून उतरल्या. मागं राहिल्या त्या मावशी. त्यांनी कुणाला पत्र लिहावं? आता मला बस खड्ड्याजवळ आडवी आली की मी हॉर्न वाजवते. माझा तिच्याशी संबंध उरला तो एवढाच.

आमच्या सोसायटीत एक बँकेतले गृहस्थ राहतात. लहानपणी पोलिओ झालेला, कुबड्या घेऊन चालतात. त्यांना मी हे सगळं सांगत होते. ते म्हणाले, "वहिनी, बसमध्ये आमच्यासाठी राखीव सीट आहे. रंगवलेली आहे, वर पाटी आहे. पण तिथपर्यंत पोचायचं कसं? आधी आम्ही अपंग होतो, आता दिव्यांग झालो. नाव बदललं, पायरी तेवढीच आहे."

तेही रोज रिक्षानं जातात. बँकेचा पगार आहे म्हणून जमतं.

या पायरीबद्दल मी जरा माहिती काढली. २००८ मध्ये केंद्र सरकारनं शहरातल्या बस कशा असाव्यात याची मापं ठरवून दिली. जुन्या पद्धतीच्या बसचा फ्लोअर जमिनीपासून ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट उंच. मधल्या प्रकारच्या बसचा ६५०. आणि लो-फ्लोअर बसचा ४००, म्हणजे साधारण सोळा इंच. सोळा इंच आणि तीन फूट! हा फरक तिशीतल्या, पँट घातलेल्या, हात मोकळे असलेल्या माणसाला कळणारसुद्धा नाही. साडी नेसून, एका कडेवर पोर, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन चढून बघा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर चढून बघा. आठव्या महिन्यात चढून बघा, आणि त्यात ड्रायव्हर घाईत असला तर बघायलाच नको. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बसायला मिळालं तर ती बसनं काशीलासुद्धा जाईल, पण आमच्या सिटी बसची पहिली पायरी तिला चढवत नाही. मागच्या वर्षी तिनं एकदा हट्टानं प्रयत्न केला. दांडा हातात आला, पाय पोचला नाही. मागून कुणीतरी धरलं म्हणून बरं. तेव्हापासून ती म्हणते, "मला कुठं जायचंच नाही." आम्हीही म्हणतो, आईला आताशा बाहेर जायला आवडत नाही!

कायदा नाही असं नाही. १९९५ च्या कायद्यात वाहतुकीत सोय करा असं म्हटलं होतं, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी पुस्ती जोडून. २०१६ मध्ये नवा कायदा आला. थांबे, स्थानकं, स्वच्छतागृहं, तिकीट खिडक्या, सगळी वाहनं अपंगांना वापरता आली पाहिजेत असं तो सांगतो. पण जुन्या गाड्या बदलण्याबाबत त्यातही 'आर्थिकदृष्ट्या परवडेल तर' हे आहेच. दिल्लीत आणि चेन्नईत अपंग प्रवाशांना लो-फ्लोअर बससाठी हायकोर्टात जावं लागलं. आणि गंमत बघा, त्यांच्या भांडणातून जी बस येते, तिच्यात सगळ्यात जास्त चढतात कोण? आई, मावशी, पोटुशी सून, शाळेची बॅग घेतलेलं पोर.

परवडत नाही, परवडत नाही. डेपोतल्या साहेबांचंही तेच. त्यांची अडचण खोटी नाही. डिझेल महाग, गाड्या जुन्या, माणसं कमी. एसटीच्या सवलतीचे पैसे सरकारनं भरून द्यायचे असतात. ते वेळेवर आले नाहीत, तर ओढाताण कंडक्टर-ड्रायव्हरची होते. त्यांच्या घरातल्या बाईलाही किराणा भरायचाच असतो. सवलत जाहीर करणाऱ्याचा फोटो छापून येतो, आणि ती निभावायची कंडक्टरनं, वर लोकांचे टोमणेही त्यानंच ऐकायचे. हे मला मुळीच पटत नाही.

पण एक विचारू? आमच्या शहरात मागच्या काही वर्षांत दोन उड्डाणपूल झाले. त्यातल्या एकावरून मी रोज स्कूटीनं जाते. कुणी कधी मला विचारलं नाही, की बाई, या पुलाचं इन्कम किती? दुपारी एक ते चार त्या पुलावर चिटपाखरू नसतं. म्हणून तो दुपारचा बंद ठेवत नाहीत. पूल म्हणजे सोय, आणि बस म्हणजे धंदा, हे कुणी ठरवलं? रस्त्यावर खर्च केला की तो विकास, आणि बसवर केला की तोटा. पुलावरून मावशी जात नाहीत. पुलाखाली त्या रिक्षाची वाट बघत उभ्या असतात.

वाट बघण्यावरून आठवलं. तिकीट आणि पायरी यांच्या आधी थांबा येतो. त्याच्याबद्दल आपण बोलतच नाही. २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला, तेव्हा चार दिवस सगळे बोलले. सुरक्षारक्षक, कॅमेरे, दिवे, जुन्या गाड्यांची विल्हेवाट, सगळ्यावर चर्चा. आमच्या घरात काय झालं सांगते. माझी भाची दुसऱ्या शहरात शिकते. तिला तिच्या बाबांनी सांगितलं, "आता पहाटेच्या गाडीनं यायचं नाही. आणि रात्रीच्या तर नाहीच." तिचा शनिवारचा क्लास बुडायला लागला. चुकला तो नराधम, आणि गाडी कमी झाली भाचीची. तिच्या बाबांना तरी काय म्हणणार? मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच सांगितलं असतं, आणि याचंच वाईट वाटतं.

स्थानकावरच्या स्वच्छतागृहाचं तर नावच काढू नका. लांबच्या प्रवासाला निघताना पाणी न पिणारी बाई तुमच्या ओळखीत असेलच. तुम्हीच असाल. मी आहे. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' म्हणून चळवळ सुरू झाली, तेव्हा नाव ऐकून लोक खुदूखुदू हसले होते. हसायला काय जातं! महिला कंडक्टरला विचारा, आठ तासांच्या ड्युटीत ती किती पाणी पिते ते.

चांगलं काही होतच नाही, असंही नाही हं. पश्चिम रेल्वेनं ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली पहिली लेडीज स्पेशल लोकल सोडली. एसटीत खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो. मागास तालुक्यांत मुलींसाठी मानव विकासच्या निळ्या बस धावतात. ती निळी बस वेळेवर आली तर मुलगी आठवीनंतरही शाळेत जाते, नाहीतर घरचे म्हणतात, बास झालं आता. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या काळात ज्या गावात दुसरं वाहन नव्हतं तिथल्या आयांना विचारा, बस म्हणजे काय ते. मुलगा मित्राच्या मोटारसायकलवर मागं बसून गेला. मुलीला कोण बसवणार? बसवलं तर गाव काय म्हणणार?

काही महापालिकांनी आता आपल्या सिटी बसमध्येही बायकांना सवलत दिली आहे. आमच्याकडे नाही. मी मावशींना विचारलं, "अर्ज करायचाच आहे तर अर्ध्या तिकिटाचाही करू या का?" त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, "अर्धं दिलं तर देवच पावला. पन ताई, आदी बस मागा. पुरं तिकीट काढीन म्या. बसच नसंल तर अर्धं कशाचं?"

तसाच अर्ज लिहिला. मी मजकूर सांगितला, मुलीनं टाईप केला. मावशींनी तो वस्तीत फिरवला. त्रेसष्ट सह्या आल्या, त्यात एकोणीस अंगठे. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्या मुलींची यादी शिक्क्यासह जोडून दिली. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला, पोच दिली, आणि "बघतो" म्हणाले. त्यांचं ते "बघतो" ऐकून मी आशा सोडली होती.

पण सतरा दिवसांनी बस सुरू झाली. एक चाळीसची नाही, दोन दहाची. तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर. नंतर पुन्हा आकडे बघून ठरवणार. दोन दहा म्हणजे अडीचला नातीसाठी दार उघडणं जमत नाहीच, पावणेतीन होतात. ती पंधरा मिनिटं नात शाळेच्या पायरीवर बसते, तशी परवानगी मुख्याध्यापिकाबाईंनी दिली आहे. चौथं घर काही मावशींना परत मिळालं नाही. त्या बाईंनी तोवर दुसरी ठेवली. मावशी आता दुसरं शोधतायत. कुणाला हवं असेल तर मला जरूर सांगा.

मंगळवारी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर त्या बसनं गेले. अकरा वर्षांनी. तिकिटाचे सुट्टे पैसे हातात काढून ठेवायचे असतात, हेही विसरले होते. कंडक्टर ओरडला. सिव्हिल हॉस्पिटलपाशी पाच-सहा म्हाताऱ्या चढल्या, एकीला दोघींनी हाताला धरून वर ओढलं. शाळेपाशी मुलींचा लोंढा आला. मावशींना शेवटी बसायला मिळालं, पण त्यांचं लक्ष सगळं दाराकडे. ओठ हलत होते.

"काय पुटपुटताय?" मी विचारलं.

त्यांनी कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान, त्यावर माझ्याच घरातल्या पेन्सिलीनं मारलेल्या उभ्या रेघा. पाच झाल्या की एक आडवी. दर दिवसाची वेगळी ओळ. तिकीटवाल्यांच्या वर, पासवाल्यांच्या खाली.

"तीन म्हैन्यानं सायेब इचारनार ना," त्या म्हणाल्या. "तवा त्यांच्या मशीनला म्हाईत नसतंय."

त्या दिवशी वर सतरा रेघा होत्या आणि खाली चौदा. पंधरावी कोण म्हणून मावशी वळून बघत होत्या, एक मुलगी ड्रायव्हरच्या मागं उभी राहिली होती, ती त्यांना दिसली नव्हती.